खगोलशास्त्र शिकवताना सुरुवात कुठून: आकाशापासून की अंतराळयानांपासून?

वार्षिक नियोजनात खगोलशास्त्राच्या वाट्याला जेमतेम दहा-बारा तासिका येतात. तेवढ्यात सूर्यमाला, तारे, दीर्घिका, उपग्रह, रॉकेट असं सगळं कोंबायला गेलं की मुलांच्या हाती नावांची यादी उरते. त्यामुळे घटकाचा कणा कोणता, हे आधीच ठरवावं लागतं. वाटा मुख्यतः दोन. आधी आकाश दाखवायचं आणि त्यातून प्रश्न काढायचे. किंवा चांद्रयान, व्हॉयेजर, अंतराळ स्थानक यांच्यापासून सुरू करून मागे भौतिकशास्त्राकडे यायचं.

यानांची वाट

वर्गाचं लक्ष वेधण्यात यानं बाजी मारतात, यात वाद नाही. रॉकेट सुटतानाचा व्हिडिओ लावला की मागच्या बाकावरची कुजबुजही थांबते. खरी अडचण व्हिडिओ संपल्यावर येते. यान कधी सुटलं, कुठे उतरलं, किती खर्च आला, असे प्रश्न सुरू होतात आणि विज्ञानाच्या तासाचा सामान्यज्ञानाचा तास होतो. मुलांना उत्तरं येतात, पण ती खरी कशावरून, हे कुणी विचारत नाही.

ही वाट धरायची असेल तर मोहीम हे गणित म्हणून मांडा. माझ्या मते सगळ्यांत चांगला प्रश्न हा: अपोलो ११ चं उड्डाण १६ जुलै १९६९ ला झालं आणि २० जुलैला माणूस चंद्रावर होता. चांद्रयान-३ १४ जुलै २०२३ ला निघालं आणि २३ ऑगस्टला उतरलं. चार दिवसांच्या जागी चाळीस दिवस का?

मुलं आधी म्हणतात, त्यांचं रॉकेट मोठं होतं. बरोबरच आहे. अपोलोच्या सॅटर्न ५ रॉकेटचं उड्डाणाच्या वेळचं वजन सुमारे २,९०० टन, चांद्रयानाच्या एलव्हीएम३ चं सुमारे ६४० टन. पण इथे थांबू नका. चांद्रयान आधी पृथ्वीभोवतीच्या लांबट कक्षेत सोडलं गेलं: जवळचं टोक १७० किलोमीटरवर, दूरचं साधारण ३६,५०० किलोमीटरवर. मग ते पृथ्वीजवळून जाताना इंजिन थोडा वेळ चालवायचं, की दूरचं टोक आणखी लांब जातं. असं करत करत १ ऑगस्टला ते चंद्राच्या वाटेला लागलं. इंजिन पृथ्वीजवळच का चालवायचं? तिथे यानाचा वेग सर्वांत जास्त असतो म्हणून. फळ्यावर गतिज ऊर्जेचं सूत्र लिहा. वेग १० असताना त्यात १ वाढवला तर वर्ग १०० वरून १२१ होतो. वेग २ असताना तोच १ वाढवला तर ४ वरून फक्त ९. तेवढ्याच वेगवाढीतून ऊर्जेचा फायदा कितीतरी जास्त. (उतरायच्या जागी सूर्य उगवण्याची वेळही साधायची होती, कारण लँडर सौरऊर्जेवर चालणारं होतं. हा मुद्दा एखादी मुलगी स्वतःहून काढते तेव्हा मजा येते.)

अंतराळ स्थानकात गुरुत्वाकर्षण नसतं, हा समजही याच वाटेवर दूर होतो. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर, स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर. ६,३७१ ला ६,७७१ नं भागून वर्ग केला की तिथलं गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळपास ८९ टक्के निघतं. मग अंतराळवीर तरंगतात कसे, हा प्रश्न तासिका संपली तरी संपत नाही. आणि उत्तरात एकक न लिहिणाऱ्यांसाठी १९९९ सालचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर आहेच. एका गटाच्या संगणक प्रणालीनं आकडे पौंड-बलात दिले, दुसऱ्यानं ते न्यूटनमध्ये आहेत असं धरलं आणि मंगळाशी यान गमावलं. अर्धा गुण कापताना याहून चांगला दाखला मला अजून सापडलेला नाही.

आकाशाची वाट

या वाटेबद्दल पहिला आक्षेप ठरलेला: शाळा दिवसा, तारे रात्री. पण चंद्र आणि सूर्य शाळेच्या वेळेतही भेटतात. शुद्ध अष्टमीच्या आसपास चंद्र दुपारी उगवतो, वद्य अष्टमीच्या आसपास तो सकाळी पश्चिमेकडे दिसतो. अशा दिवशी मुलांना मैदानात न्या. पांढरा चेंडू उन्हात, हात लांब करून, बरोबर चंद्राच्या दिशेनं धरायला सांगा. चंद्राचा जेवढा भाग उजळलेला दिसतो, तेवढाच चेंडूचा दिसतो. चंद्रकला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात असं मानणाऱ्या मुलाला आता विचारा, पृथ्वीची सावली कोणत्या बाजूला पडली असेल? सूर्याच्या विरुद्ध. आणि चंद्र तर तिथे नाही. पाच मिनिटांचं काम आहे, पण कुठल्याही व्हिडिओनं हा समज इतका मुळापासून उपटलेला मी पाहिला नाही.

दुसरा प्रयोग सूर्याचा. पुठ्ठ्याला मिलिमीटरभर छिद्र पाडा, दोन मीटरवर पांढरा कागद धरा. कागदावरची गोल प्रतिमा साधारण १८ ते १९ मिलिमीटर भरते. सूर्याचं अंतर १५ कोटी किलोमीटर धरून समरूप त्रिकोण मांडले की व्यास १४ लाख किलोमीटरच्या आसपास येतो. छिद्र मोठं केलं तर प्रतिमा उजळ होते, पण कडा पसरतात. मग नेमकं कुठून कुठे मोजायचं, यावर गटात भांडणं होतात. ती होऊ द्या. एका मिलिमीटरची चूक म्हणजे उत्तरात पाच टक्क्यांचा फरक, हे त्यांना तिथेच कळतं. सूर्याकडे छिद्रातून पाहायचं नाही, पाठ करूनच उभं राहायचं, हे मात्र आधी दोनदा बजावा.

या वाटेच्या उणिवाही लहान नाहीत. ढग आले की नियोजन कोलमडतं. चंद्राची नोंद महिनाभर चालते, घटक दोन आठवड्यांत संपतो. मूल्यमापन तर डोकेदुखीच. शेवटच्या रात्री बसून महिन्याची चंद्रनोंद उतरवणारे प्रत्येक वर्गात असतात. त्यांच्या वहीत ढगाळ दिवस एकही नसतो, त्यावरूनच ते ओळखू येतात. ऋतूंचं कारणही निरीक्षणातून उलगडायला फार वेळ लागतो. तिथे सरळ आकडे द्यावेत: पृथ्वी जानेवारीच्या सुरुवातीला सूर्याच्या सर्वांत जवळ, १४.७ कोटी किलोमीटरवर असते आणि जुलैच्या सुरुवातीला सर्वांत दूर, १५.२ कोटींवर. मग जानेवारीत उत्तर गोलार्धात हिवाळा कसा?

साधनं

दुर्बीण घ्यायची तर रांगेचा विचार आधी करा. वर्ग मोठा असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला अर्धं मिनिट येतं आणि मधेच कुणाचा तरी धक्का लागतो. ट्रायपॉडवर पक्की बसवलेली १०×५० द्विनेत्री (दहा पट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगांची) गुरूचे चार मोठे उपग्रह दाखवते. शनीची कडी दिसायला दुर्बीणच हवी. दोन्ही गोष्टी सूर्याकडे वळवायच्या नाहीत. ढगाळ दिवसांसाठी स्टेलॅरियम हे पडद्यावर आकाश दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात गुरूवर जाऊन काळ पुढे पळवा आणि उपग्रहांच्या फेऱ्या मोजायला लावा. आयो १.७७ दिवसांत एक फेरी मारतो, गॅनिमिड ७.१५ दिवसांत. गुरूपासूनची अंतरं ४.२२ लाख आणि १०.७ लाख किलोमीटर. अंतरांच्या गुणोत्तराचा घन आणि काळांच्या गुणोत्तराचा वर्ग, दोन्ही १६.३ च्या आसपास येतात. केप्लरचा तिसरा नियम हाच, तो पाठ करायची गरजच उरत नाही.

मग कुणी काय निवडावं?

तासिका सलग असतील, परीक्षा जवळ असेल आणि गुरुत्वाकर्षणाचा घटक नुकताच झाला असेल, तर यानांपासून सुरू करा. पण प्रत्येक मोहिमेमागे एक गणित असलंच पाहिजे. ते जमणार नसेल तर ही वाट नको. वर्ग लहान इयत्तेचा असेल किंवा तासिका सत्रभर पसरता येत असतील, तर मी डोळे मिटून आकाश निवडेन. यानांच्या बातम्या मुलांना पुढेही मिळत राहतील. उन्हात चेंडू धरून उभं करणारं मात्र शाळेनंतर सहसा कुणी भेटत नाही.

चंद्रनोंद घटकाच्या महिनाभर आधी लावा, अमावास्येनंतर दोन-तीन दिवसांनी, म्हणजे पहिले दोन आठवडे चंद्र संध्याकाळी सोयीच्या वेळी दिसतो. पौर्णिमेनंतर संध्याकाळची नोंद बंद करून शाळेत येतानाची, सकाळची सुरू करा. नाहीतर मुलं ‘चंद्र दिसला नाही’ असं लिहून मोकळी होतात.