खोटे कोण कोणाशी बोलते? कुमारवयीनांसाठीच्या दोन रहस्यकादंबऱ्यांपैकी एक निवडताना

घरात दडवलेले गुपित आणि त्याच्या ओझ्याखाली दबलेले मूल, अशा विषयावरची एखादी उत्कंठावर्धक इंग्रजी कादंबरी पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींसाठी शोधू लागले की दोन नावे हटकून समोर येतात. एक म्हणजे मार्क हॅडन यांची २००३ साली आलेली ‘द क्युरियस इन्सिडेन्ट ऑफ द डॉग इन द नाइट-टाइम’ आणि दुसरी ई. लॉकहार्ट यांची २०१४ सालची ‘वी वेअर लायर्स’. दोन्ही दोन-अडीचशे पानांच्या आहेत, दोन्हींत कथा सांगणारे त्या त्या मुलाचे किंवा मुलीचे स्वतःचे तोंड आहे आणि दोन्हींत पंधराव्या वर्षी घडलेल्या घटनांनी आयुष्य दुभंगते. त्यामुळे कोणतीही दिली तरी चालेल, असा समज होणे साहजिक आहे. मला तो पटत नाही. या दोन पुस्तकांत गुपित कोणी कोणापासून लपवले आहे हेच मुळात वेगळे आहे आणि ज्याच्या हाती पुस्तक द्यायचे त्या मुलाचा विचार करताना माझ्या मते हीच बाब निर्णायक ठरावी. दोन्हींतले रहस्य मी येथे उघड करणार नाही, कारण ते कळले तर विशेषतः दुसऱ्या पुस्तकाची अर्धी शक्ती निघून जाते.

हॅडन यांचा ख्रिस्तोफर बून इंग्लंडमधल्या स्विंडन या गावात वडिलांबरोबर राहतो. मध्यरात्र उलटून सात मिनिटे झाली असताना त्याला शेजारच्या बाईंचा वेलिंग्टन नावाचा पूडल कुत्रा अंगणात मरून पडलेला दिसतो. बागकामाचा लोखंडी काटा त्याच्या अंगात आरपार खुपसलेला असतो. हे कोणी केले याचा छडा लावायचा आणि त्याची रीतसर नोंद पुस्तकात करायची, असे तो ठरवतो. ख्रिस्तोफरला कोणी अंगाला हात लावलेला सहन होत नाही, पिवळा आणि तपकिरी रंग चालत नाही, माणसांच्या चेहऱ्यांवरचे भाव वाचता येत नाहीत. पण गणितात त्याची बुद्धी असामान्य आहे आणि ए लेव्हलची, म्हणजे इंग्लंडमधल्या शालेय शिक्षणाच्या शेवटच्या टप्प्यावरची, गणिताची परीक्षा द्यायची त्याने जिद्द धरली आहे. प्रकरणांना त्याने एक, दोन, तीन असे क्रमांक न देता दोन, तीन, पाच, सात अशा मूळ संख्या दिल्या आहेत. शीर्षकातली ‘रात्रीच्या वेळची कुत्र्याची विलक्षण घटना’ ही शेरलॉक होम्सच्या एका कथेतून घेतलेली आहे आणि ख्रिस्तोफरचा आदर्शही होम्सच आहे. कुत्र्याच्या चौकशीतून तो नकळत आपल्याच घराच्या बंद दारापाशी येऊन पोहोचतो.

लॉकहार्ट यांची केडन्स सिंक्लेअर ईस्टमन ही अमेरिकेतल्या एका गर्भश्रीमंत घराण्याची थोरली नात आहे. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळ आजोबांच्या मालकीचे अख्खे बेट आहे, त्यावर चार घरे आहेत आणि दर उन्हाळ्यात त्यांच्या तिन्ही मुली आपापल्या लेकरांसह तेथे येतात. केडन्स, मावसभाऊ जॉनी, मावसबहीण मिरेन आणि गॅट हा त्यांचा मित्र, अशी चौकडी. घरातले त्यांना ‘लायर्स’, म्हणजे थापाडे, म्हणतात. पंधराव्या वर्षीच्या उन्हाळ्यात केडन्स डोक्याला मार लागलेल्या अवस्थेत किनाऱ्यावर एकटीच सापडते. त्या दिवसांतले तिला काही आठवत नाही, डोकेदुखीने ती महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळते आणि दोन वर्षांनी बेटावर परतते तेव्हा सगळे जण तिच्याशी जपून, मोजून मापून बोलत असतात.

मराठी वाचक या कादंबरीत एका ठिकाणी नक्की थबकेल. गॅटचे आडनाव पाटील आहे. तो भारतीय वंशाचा आहे, आणि त्याचा काका एड हा केडन्सच्या मावशीचा जोडीदार आहे. या गोऱ्या, उंच, सोनेरी केसांच्या कुटुंबात काका-पुतण्यांना जेवायला बसवले जाते, हसून बोलले जाते, पण आजोबांच्या लेखी ते आपले कधीच होत नाहीत. कोणी अपशब्द उच्चारत नाही, आणि म्हणूनच तो अव्हेर जास्त लागतो. परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांना हा धागा फार जवळचा वाटेल. आजोबांच्या इस्टेटीवरून तीन बहिणींत चाललेली ओढाताण, त्यात आपल्या मुलांना पुढे करून आजोबांचे मन वळवण्याची धडपड, हे तर वाटण्यांच्या वादात होरपळलेल्या आपल्याकडच्या कोणत्याही घराला समजावून सांगावे लागणार नाही.

भाषेच्या बाबतीत ही दोन पुस्तके अक्षरशः एकमेकांकडे पाठ करून उभी आहेत. शाळेत अलंकार शिकताना उपमा आणि रूपक यांतला भेद आपण पाठ करतो. ख्रिस्तोफरच्या दृष्टीने तो भेद खरे आणि खोटे यांचा आहे. रूपक म्हणजे थाप, कारण जे नाही ते आहे म्हणून सांगितले जाते. उपमा मात्र चालते, कारण तिच्यात नुसते साम्य सांगितलेले असते. एका पोलिसाच्या नाकातले केस पाहून त्याला वाटते की नाकपुड्यांत दोन चिमुकले उंदीर लपले आहेत, आणि लगेच तो बजावतो की ही उपमा आहे, खरोखरच तसे दिसत होते. याउलट केडन्सचे वडील घर सोडून जातात तेव्हा ती लिहिते की त्यांनी पिस्तूल काढून आपल्या छातीत गोळी घातली, आपण हिरवळीवर कोसळलो आणि रक्ताचे लोट वाहू लागले. आणि शेजारी उभी असलेली आई तिला सावरून नीट वागायला सांगते. गोळी वगैरे काही नसते, असतो तो फक्त घाव. ज्याला खोटे बोलता येत नाही असा एक निवेदक आणि जिला रूपकावाचून खरे सांगता येत नाही अशी दुसरी, यांपैकी आपल्या मुलाला कोणाची सोबत मानवेल, हे आईवडिलांना पहिल्या दहा पानांत कळू शकते. इंग्रजीची सवय बेताची असेल तर हॅडन यांची साधी, सरळ, ‘आणि’ने जोडत जाणारी वाक्ये मराठी माध्यमातल्या नववी-दहावीच्या विद्यार्थ्यालाही झेपतील. लॉकहार्ट मध्येच ओळ तोडतात, गद्यात कवितेसारखी जागा सोडतात, तीन राजकन्यांची परीकथा निरनिराळ्या रूपांत पुनःपुन्हा सांगतात. ते वाचायला जड नाही, पण त्याची लय पकडावी लागते.

आता मूळ मुद्दा. ख्रिस्तोफरच्या घरातले गुपित मोठ्यांनी मुलापासून लपवलेले आहे. ते साधारण पुस्तकाच्या मध्यावर फुटते आणि उरलेला जवळजवळ अर्धा भाग त्यानंतरच्या जगण्याचा आहे: विश्वास उडालेला मुलगा आपल्या पाळीव उंदराला बरोबर घेऊन एकटाच लंडनला निघतो, स्टेशनवरच्या पाट्यांनी आणि आवाजांनी भांबावून जातो, तरी पोहोचतो. हॅडन यांचे मोठेपण मला येथे दिसते. या मुलाला मिठी सहन होत नाही, म्हणून बाप उजव्या हाताची बोटे पंख्यासारखी पसरून पुढे धरतो, मुलगा डावा हात तसाच पुढे करतो आणि बोटांची फक्त टोके एकमेकांना टेकतात. त्यांच्या घरात मायेची खूण एवढीच. पुढे एकदा बाप तसाच हात धरतो आणि मुलगा आपला हात पुढे करत नाही. एवढ्या एका हालचालीत जे कळते ते सांगायला दुसऱ्या लेखकाने चार पाने घेतली असती. तुटलेला विश्वास किती हळूहळू, किती रोजच्या बारीकसारीक गोष्टींनी पुन्हा बांधावा लागतो, हे येथे वाचकाला प्रत्यक्ष दिसते.

केडन्सच्या बाबतीत भिंत तिच्या स्वतःच्याच मनात आहे. मोठी माणसे गप्प आहेत ती काहीशी कीव म्हणून आणि काहीशी डॉक्टरांच्या सल्ल्यावरून. पण तिचे स्वतःचे मनच तिला सत्यापर्यंत जाऊ देत नाही. रहस्य अगदी शेवटच्या काही पानांत उलगडते आणि वाचकाच्या पायाखालची जमीन सरकते. त्यानंतर सावरायला पुस्तक फारसा वेळ देत नाही. उत्कंठा म्हणून पाहिले तर लॉकहार्ट यांची रचना अधिक घट्ट आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करते. मात्र ज्या मुलाने नुकतेच घरातले कोणी गमावले आहे किंवा ज्याच्या मनात एखाद्या घटनेबद्दल अपराधाची टोचणी आहे, त्याला हे पुस्तक एकट्याने वाचायला देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. केडन्स वेदनाशामक गोळ्यांवर दिवस काढते आणि आपल्या वस्तू एकेक करून लोकांना देऊन टाकते. ही लक्षणे जाणत्या मोठ्यांनी ओळखायला हवीत आणि त्यावर मुलाशी बोलायला हवे.

‘क्युरियस इन्सिडेन्ट’बद्दलच्या सावधगिरीच्या सूचना वेगळ्या आहेत. त्यात मोठी माणसे चिडली की शिव्या देतात, आणि त्या जशाच्या तशा छापल्या आहेत. २०१५ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडातल्या टालाहासी येथील एका शाळेने याच कारणासाठी हे पुस्तक सुट्टीतल्या वाचनाच्या यादीतून काढले होते. मला तो निर्णय चुकीचा वाटतो, कारण शिव्या येतात त्या घरातल्या खऱ्या भांडणात येतात आणि ख्रिस्तोफर त्या निव्वळ नोंदवतो. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की कादंबरीत त्याच्या अवस्थेला कोठेही वैद्यकीय नाव दिलेले नाही आणि ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या अनेक वाचकांनी त्याच्या चित्रणावर, विशेषतः तो इतरांवर हात उगारतो यावर, आक्षेप घेतले आहेत. म्हणून वर्गातल्या एखाद्या ऑटिस्टिक मुलाला समजून घेण्याचे साधन म्हणून हे पुस्तक देऊ नये. एका मुलाची गोष्ट म्हणूनच द्यावे. मुक्या जनावरांच्या वाट्याला दोन्ही कादंबऱ्यांत वाईट येते, तेव्हा त्या बाबतीत हळवे असलेल्या मुलांना आधी कल्पना द्यावी.

घरात आईवडिलांचे पटत नाही, कोणीतरी काहीतरी सांगायचे टाळते आहे, हे ज्या मुलाला जाणवते त्याच्या हाती मी निःशंकपणे हॅडन यांचे पुस्तक देईन. गणिताची आवड असलेल्या मुलांना तर त्यात खास ठेवा आहे: परिशिष्टात ख्रिस्तोफरने परीक्षेत सोडवलेल्या काटकोन त्रिकोणाच्या प्रश्नाची पूर्ण सिद्धता दिली आहे आणि दहावीतल्या हुशार विद्यार्थ्याला ती कागद-पेन्सिल घेऊन पडताळता येते. ज्याचे मन स्थिर आहे, जो किंवा जी रात्रभर जागून पुस्तक संपवते, मैत्री आणि पहिले प्रेम यांविषयी वाचू इच्छिते, तिला ‘वी वेअर लायर्स’ द्यावे. दोन्ही द्यायची असतील तर आधी हॅडन, मग काही महिन्यांनी लॉकहार्ट.

‘लायर्स’ देणार असाल तर आणखी एक काळजी घ्यावी. २०२५ च्या जूनमध्ये प्राइम व्हिडिओवर त्याची मालिका आली आहे आणि समाजमाध्यमांवर शेवट उघड करणाऱ्यांची कमतरता नाही. म्हणून पुस्तक आधी, मालिका नंतर. २०२२ साली आलेला ‘फॅमिली ऑफ लायर्स’ हा भाग कथेच्या काळाने आधीचा असला तरी तोही मूळ पुस्तकानंतरच वाचावा. शिवाय हे पुस्तक वाचनालयातून आठवड्याच्या मुदतीवर आणण्यापेक्षा विकत घेतलेले बरे, कारण शेवटचे पान मिटल्यावर वाचणारा पुन्हा पहिल्या पानाकडे वळतो आणि आधी साधी वाटलेली कितीतरी वाक्ये या वेळी त्याला थांबून वाचावी लागतात.