जुन्या गाडीच्या पॉवर विंडो: दुरुस्ती, मागच्या दारांचं किट आणि एक पावसाळा

गाडी 2008 ची छोटी हॅचबॅक. पंधरा वर्षांचं री-पासिंग (नोंदणीचं नूतनीकरण) होऊन आणखी पाच वर्षांची मुदत मिळाली, तेव्हा तिच्यावर खर्च करायचं धाडस केलं. पुढे मूळच्याच पॉवर विंडो, मागे हँडल. डावी काच अर्ध्यावर येऊन धापा टाकायची आणि ड्रायव्हरची खाली गेली की हाताने ओढून वर घ्यावी लागायची. काम थंडीत केलं. उन्हाळा आणि पुण्याचा पावसाळा काढल्यावर लिहितोय.

जिथे विचारलं तिथे एकच उत्तर मिळालं: मोटर गेली, बदला. डोअर पॅड, म्हणजे दाराचं आतलं आवरण, उघडून डाव्या दाराची मोटर सुटी केली आणि थेट बॅटरीवर लावली, तर ती झकास फिरली. खरा दोष रबराचा होता. काच ज्या खाचेतून सरकते तिथलं रबर कडक झालं होतं, आतली लव झिजून गेली होती आणि काच तिथे आवळली जात होती. नवं रबर बसवलं, सिलिकॉन स्प्रे मारला. इथे ग्रीस किंवा इंजिन ऑइल अजिबात नको, रबर फुगतं आणि धूळ चिकटते. आणखी एक गोष्ट बरेच जण विसरतात. या मोटरमध्ये तापल्यावर स्वतःच बंद होणारा कट-आउट असतो. काच लागोपाठ वर-खाली करत राहिलं की मोटर गप्प बसते, थोड्या वेळाने पुन्हा चालते. ती जळली म्हणून लगेच बदलायची घाई नको.

ड्रायव्हरच्या दारात मात्र मशीनच, म्हणजे काच वर-खाली सरकवणारी यंत्रणाच, गेली होती. केबलवाली मशीन, पोलादी केबलचे धागे सुटून ती जिच्यावर गुंडाळली जाते त्या चकतीवर (ड्रमवर) गुंता झालेला. नुसती केबल बदलून देणारे भेटतात, पण प्लास्टिकचे गाइडही तितकेच जुने असतात. नाना पेठेतून पूर्ण मशीन आणली.

तरीही काचा संथच. मीटर लावला, तर इंजिन चालू असताना बॅटरीवर 13.8 व्होल्ट आणि काच वर जाताना मोटरवर जेमतेम 10. बाकीचे व्होल्ट जुनी बारीक वायर आणि स्विचचे काळे पडलेले कॉन्टॅक्ट खात होते. मग प्रत्येक दाराला पाच पिनांचे दोन रिले (छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच) लावले, बॅटरीपासून अडीच चौरस मिमीची तांब्याची वायर ओढली आणि बॅटरीजवळच फ्यूज टाकला. आता स्विचमधून फक्त रिलेपुरता करंट जातो. रिलेचा सिग्नल इग्निशनवरून घेतलाय, म्हणजे किल्ली काढली की काचा हलत नाहीत. अख्ख्या कामातला सगळ्यात जास्त फरक इथे पडला. दार आणि खांबाच्या मधल्या रबरी नळीतल्या वायरी याच वेळी बघून घ्या. दार उघड-बंद होऊन त्या नेमक्या तिथेच तुटतात.

मागच्या दारांसाठी किट घेतलं. हँडलच्या दांड्यावर बसणारं स्वस्त किट मिळतं, पण त्यात ओढ जुन्याच मशीनवर पडते. म्हणून मोटरसकट पूर्ण मशीनचं घेतलं. आवाज पुढच्यांपेक्षा जास्त आहे, वेग ठीक. काच मात्र आधीही पूर्ण खाली जात नव्हती, आताही जात नाही, कारण चाकाची कमान आड येते. ते किटच्या हातात नाही.

गाडी लॉक केली की काचा आपोआप वर घेणारं मॉड्यूल फिटरने फार आग्रहाने दाखवलं. मी नाही घेतलं. काचेत काही अडकलं तर ती थांबून मागे फिरावी, अशी सोय या किटमध्ये नाही आणि मागच्या सीटवर पोरं बसतात. मागचे स्विच ड्रायव्हरकडून बंद करता येतील असं एक बटण मात्र मुद्दाम टाकून घेतलं.

फिटरवर लक्ष ठेवायचं ते डोअर पॅडमागच्या प्लास्टिक शीटसाठी. काचेवरचं पाणी दाराच्या आत उतरणारच. ते तळाच्या भोकांतून बाहेर पडतं आणि शीट त्याला केबिनमध्ये येऊ देत नाही. लोक ती टराटरा फाडून फेकतात. आम्ही ब्यूटाइल टेपने पुन्हा चिकटवली, तळाची भोकं तारेने मोकळी केली. जुलैतल्या मुसळधार पावसातही मॅट कोरडे राहिले, आणि नव्या मोटरींना पाणी लागलं नाही.

राहिली फक्त डाव्या काचेची बाहेरची पुसणारी पट्टी. ती कडक होऊन काचेवर बारीक उभे ओरखडे पाडतेय; पुढच्या सर्व्हिसला बदलणार.