गालिचा: ओला धुवावा की कोरडा साफ करावा?

शाम्पूने धुतला की गालिचा उजळतो, यात वाद नाही. मुरलेला मळ ओल्या धुण्यानेच निघतो. खरी परीक्षा वाळवताना! वरून हाताला कोरडा लागतो, पण तळाशी ओल राहते आणि दोन दिवसांत कुबट वास सुटतो. तागाचा असेल तर पिवळट डाग पडतात. फेस पुरता निघाला नाही, तर त्या चिकटपणावर धूळ उलट लवकर बसते.

कोरडी पद्धत सोपी: खायचा सोडा भुरभुरा, अर्ध्या तासाने व्हॅक्यूम फिरवा. वास जातो, जुना डाग मात्र जागचा हलत नाही. तरी एरवी मी व्हॅक्यूमच फिरवते; धुणं वर्षातून एकदा, तेही हवा कोरडी असताना. काही सांडलंच, तर फडकं दाबून टिपायचं. घासलं की डाग तंतूंत मुरलाच!