अंदमानचं 'हनिमून स्पेशल' पॅकेज: फुलं भरपूर, घड्याळ बंद

लग्नानंतर आठव्या दिवशी आम्ही अंदमानला निघालो तेव्हा माझ्या हातावरची मेंदी कोपरापर्यंत ताजी होती आणि नवऱ्याच्या फोनमध्ये एक एक्सेल शीट होती. तो ऑडिटमध्ये आहे. पॅकेजमध्ये 'समाविष्ट' म्हणून जे जे लिहिलं होतं त्याच्या २३ ओळी, आणि शेजारी दोन रकाने: मिळालं का, वेळेवर मिळालं का. पहिल्या दिवशी मनात आलं, हे काय नशिबी आलं! चौथ्या दिवशी मीच विचारत होते, "हे टाकलंस का?" हा रिव्ह्यू त्या शीटवरूनच लिहिते आहे.

पॅकेज ५ रात्री ६ दिवसांचं, दोघांचे मिळून ६४ हजार, विमानाचं भाडं वेगळं. दोन रात्री पोर्ट ब्लेअर, दोन हॅवलॉक, एक नील. नावं सगळी बदललीत, त्यामुळे गोंधळ होतो. हॅवलॉकचं स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप २०१८ मध्ये झालं, पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम २०२४ मध्ये. ड्रायव्हरपासून हॉटेलवाल्यापर्यंत सगळे जुनीच नावं घेतात, म्हणून मीही तीच लिहिते. एजंटचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्याच्याशी भांडण नाही, तक्रार आहे.

नावावरून आठवलं, पहिला दणका नावाचाच. विमानाची तिकिटं आम्ही काढली होती, माझ्या आधारकार्डावर आहे त्या माहेरच्या नावाने. बोटीची तिकिटं एजंटने काढली, आणि न विचारता मला सासरचं आडनाव लावून टाकलं. हॅवलॉकच्या बोटीत चढताना ओळखपत्र आणि तिकीट जुळवून बघतात. खिडकीवरच्या बाईंनी आधी कार्ड पाहिलं, मग तिकीट, मग माझा हिरवा चुडा. नवऱ्याने फोनमधली लग्नपत्रिका उघडून दाखवली. मराठी पत्रिका तिथे कोण वाचणार, पण गणपतीचं चित्र आणि आमचे फोटो बघून बाई हसल्या आणि नाव दुरुस्त करून दिलं. सगळ्यांनाच अशा बाई भेटतील असं नाही. नवीन लग्न झालेल्या मुलींनो, ओळखपत्रावर जे नाव आहे तेच प्रत्येक तिकिटावर हवं, हे एजंटला लेखी कळवा.

आता मुख्य तक्रार. वेळापत्रकात दुसऱ्या दिवसापुढे लिहिलं होतं: 'राधानगर बीच, रोमँटिक सनसेट, सायंकाळी ५.३०.' राधानगर म्हणजे हॅवलॉकचा सात नंबरचा बीच. २००४ मध्ये 'टाइम' मासिकाने आशियातला सर्वोत्तम म्हटलेला, २०२० मध्ये ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ किनाऱ्याचं आंतरराष्ट्रीय मानांकन, मिळालेला. लग्नाच्या धावपळीत मी ज्या एका गोष्टीची वाट पाहत होते ती हीच. आमची बोट दुपारी पावणेचारला लागली. सामान, गाडी, खोलीची किल्ली, वेलकम ड्रिंक, फोटो. मी दोनदा म्हटलं, निघूया का? ड्रायव्हर म्हणाला, "आरामसे दीदी, टाइम है." पाच वाजून पाच मिनिटांनी आम्ही उंच उंच झाडांच्या सावलीतून वाळूवर पाय ठेवला आणि समोर सूर्य नव्हता. आभाळाला तळाशी थोडी लाली, आणि पाण्यातल्या लोकांना बाहेर बोलावणारी लाइफगार्डची शिट्टी. सूर्य पाचला आठ मिनिटं कमी असतानाच बुडाला होता.

यात सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट अशी की मी शाळेत भूगोल शिकवते. रेखावृत्ताच्या दर अंशाला ४ मिनिटं, हे दरवर्षी फळ्यावर लिहिते. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंशांवर, अंदमान त्र्याण्णवच्या आसपास. साडेदहा अंश, म्हणजे ४२ मिनिटं सूर्य आपल्या घड्याळाच्या पुढे. त्यात डिसेंबरचा पहिला आठवडा. हे गणित माझ्या आठवीच्या पोरांनी सोडवलं असतं. आणि मी एजंटच्या वेळापत्रकावर "छान आहे" असा मेसेज पाठवून मोकळी झाले होते, कारण त्या दिवशी ब्लाउजच्या बाह्या उसवायच्या होत्या. नवऱ्याने शीट उघडली, 'मिळालं का' मध्ये 'अंशतः' लिहिलं. मला तेव्हा हसू आलं नाही. गाडीत बसल्यावर आलं.

समुद्र घड्याळावर चालतो, हे त्या एजंटच्या गावीच नाही. आमच्या रिसॉर्टच्या जाहिरातीत होतं, 'खोलीतून थेट समुद्रात'. पाच नंबरचा विजयनगर बीच, पूर्वेकडे तोंड. सकाळी खरंच पाणी झाडांच्या मुळांशी येतं, हिरवं, काचेसारखं. पण दुपार कलली की समुद्र मागे मागे जातो आणि उरतात प्रवाळाचे दगड आणि खेकडे. अमावस्या होऊन दोनच दिवस झाले होते, त्यामुळे ओहोटी चांगलीच मोठी. यात रिसॉर्टचा दोष नाही. पण नीलला तर कमाल झाली. तिथला नैसर्गिक खडकाचा पूल ओहोटीलाच बघायचा असतो. चालत जायची वाट आणि डबक्यांतले जीव तेव्हाच उघडे पडतात. आम्हाला तिथे नेलं सकाळी साडेअकराला, ऐन भरतीत. स्थानिक गाइड आमच्याकडे बघून, आता यांना दाखवू तरी काय, अशा चेहऱ्याने उभा होता. भरती-ओहोटीच्या वेळा वर्षभर आधी छापून तयार असतात, कुणीही बघू शकतं.

आणि शेवटच्या दिवसासाठी एजंटने ज्यादा पैशांत सुचवलेली गोष्ट वाचा: 'सकाळी ८ ते १० नॉर्थ बे येथे स्कूबा डायव्हिंग, दुपारी १.१० ला विमान.' ही चूक गमतीची नाही. पाण्याखाली दाबाने नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत विरघळतो आणि हळूहळू बाहेर पडतो. लगेच विमानात बसलं, हवेचा दाब कमी झाला, की त्याचे बुडबुडे होऊ शकतात. म्हणून डाइव्हनंतर साधारण १८ तास तरी विमान नको असं सांगतात, बरेच जण सरळ २४ धरायला सांगतात. मी फोनवर हे म्हटल्यावर पलीकडून उत्तर आलं, "मॅडम, सगळे करतात."

आम्ही स्कूबा तिसऱ्या दिवशीच, हॅवलॉकला, आमच्या आमच्या पैशांनी केलं. पूर्ण सहलीतला सगळ्यात चांगला खर्च. आधी आजारांचा एक फॉर्म भरून घेतात, दमा, कानाचे त्रास वगैरे, तो खरा खरा भरा. पोहता यायची गरज नाही, मला येत नाही. मंगळसूत्र काढून लॉकरमध्ये ठेवलं. प्रश्न आला चुड्याचा. आजीने बजावलं होतं, महिनाभर हात रिकामा करायचा नाही. काचेच्या बांगड्या घालून पाण्यात जाऊ देणार नाहीत असं मी धरूनच चालले होते. इन्स्ट्रक्टर तिथलाच, बंगाली बोलणारा मुलगा. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या लोकांनी हे बेट वसवलं, त्यांच्यापैकी. त्याने काही न विचारता एक पट्टी घेतली, दोन्ही हातांच्या बांगड्या एकत्र करून गच्च गुंडाळल्या, वरून सूटची बाही ओढली. म्हणाला, नोव्हेंबर ते फेब्रुवारी रोज चार-पाच जणींचे हात बांधतो.

खाली कानात दडे बसतात, नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं, की टक्‌कन मोकळे होतात. अंगठा वर केला की 'वर न्या' असा अर्थ. 'मस्त' म्हणायला तर्जनी आणि अंगठ्याचं वर्तुळ. नवऱ्याला आनंद झाला की तो अंगठा दाखवतो. त्यामुळे दोनदा त्याला वर नेलं आणि दोनदा परत आणलं. आठ दिवसांत आम्ही एकमेकांशी फार बोललो नव्हतो, घरात कायम पाहुणे. तिथे तर तोंडात नळीच. समुद्रफुलात घुसणारे केशरी-पांढरे मासे दिसले की तो माझ्या मेंदीच्या हाताला टोचून दाखवायचा. अर्धा तास. वर आल्यावर दोन बांगड्या पिचलेल्या निघाल्या. आजीला अजून सांगितलेलं नाही.

रात्रीचं कयाकिंगही पॅकेजबाहेरचं, माणशी साडेतीन हजार. कांदळवनाच्या खाडीत दिवा न लावता जायचं. वल्हं पाण्यात घातलं की निळसर उजेड उठतो, सूक्ष्म जीवांचा. हात बुडवला तर बोटांमधून ठिणग्या. अंधार हवा, म्हणून अमावस्येच्या आसपास जा. पौर्णिमेला पैसे वाया. फोटो येत नाहीत, त्यामुळे बरोबरच्या एका जोडप्याची निराशा झाली.

पॅकेजमधल्या 'रोमँटिक' गोष्टींबद्दल थोडक्यात. पलंगावर पाकळ्या आणि टॉवेलचे दोन हंस: मिळाले, वेळेवर. आंघोळीला टॉवेल हवा होता, पण हंस मोडवेनात, मग स्वतःचे काढले. केक: मिळाला, पण त्यावर दुसऱ्याच जोडप्याची नावं. आमचा त्यांनी अर्धा खाल्ला होता. एकाच एजंटची सहा जोडपी एकाच वेळापत्रकावर फिरत होती. धक्क्यावर, बोटीत, बीचवर तेच बारा चेहरे, आणि सगळ्यांना हाक एकच, "हनिमून कपल, गाडी आ गयी." तिसऱ्या दिवसापासून कोण आज कुठल्या रंगाचं मॅचिंग घालणार यावर आम्ही पैज लावायचो. किनाऱ्यावरचा कँडललाइट डिनर: मेणबत्ती वाऱ्याने चार वेळा विझली, आणि वाळूतल्या सँडफ्लायनी माझ्या पायांवर ३१ चावे घेतले. मोजणारा कोण ते सांगायला नको. ते चावे दहा दिवस खाजतात. संध्याकाळी वाळूवर बसायचं तर पाय झाकून बसा.

सेल्युलर जेलला पॅकेजने एक तास दिला होता. पहाटे दोनला उठून विमान पकडलेल्या माणसांना त्याच संध्याकाळी लाइट अँड साउंड शोला बसवलं, त्यात मी दहा मिनिटं झोपले हे कबूल करते. पण आधी वर जाऊन आलो होतो. सात इमारतींपैकी आता तीनच उभ्या आहेत. तात्याराव सावरकरांच्या कोठडीबाहेर सगळी हनिमूनची जोडपी चपला काढून गप्प उभी होती. गाइड भराभर सांगत होता. मला आठवत होत्या येसूवहिनी. बाबाराव आणि तात्याराव दोघे भाऊ इथे, आणि बाबारावांच्या त्या पत्नी, नवऱ्याला भेटायच्या परवानगीची वाट बघता बघता १९१९ मध्ये गेल्या. मी नवऱ्याला हे सांगितलं. त्याला माहीत नव्हतं. खाली उतरताना त्याने शीट उघडली नाही. इथे निदान तीन तास ठेवा, आणि पहिल्या दिवशी ठेवू नका.

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही वेळापत्रक गुंडाळून ठेवलं होतं. नीलची बोट नऊची होती. स्कूटर आदल्या दिवशीच भाड्याने घेतली होती, दिवसाचे पाचशे. काळोखात काला पत्थरला गेलो. सव्वापाचला पोहोचलो, दहा मिनिटांनी सूर्य वर. किनाऱ्यावर आम्ही दोघं आणि तीन कुत्री. नवऱ्याने प्रवाळाचा एक पांढरा तुकडा उचलून खिशात टाकला, मी परत ठेवायला लावला. मेलेलं प्रवाळसुद्धा बेटाबाहेर न्यायला बंदी आहे, विमानतळावर सामानात सापडलं तर अडवतात. राधानगरलाही आदल्या दुपारी तीनलाच जाऊन बसलो होतो, सूर्य शेवटच्या ठिपक्यापर्यंत बघितला. शीटमधल्या 'अंशतः'चं 'पूर्ण' झालं, शेरा: 'स्वखर्चाने'.

तारे द्यायचे तर रिसॉर्टला चार, हॅवलॉकच्या ड्रायव्हरला साडेचार (सूर्यास्ताचा अर्धा कापला), पॅकेजच्या आखणीला दोन. बोटी आणि खोल्या गर्दीच्या दिवसांत स्वतः मिळवणं कटकटीचं आहे, तेवढ्यासाठी एजंट घ्या. पण वेळापत्रक हातात आलं की सूर्योदय, सूर्यास्त, भरती-ओहोटी यांच्या वेळा शेजारी लिहून काढा आणि मगच होकार द्या. हॅवलॉकला दोनऐवजी तीन रात्री मागा, पोर्ट ब्लेअरची एक कमी करा.

परवा एजंटचा फोन आला होता. लग्नाच्या पहिल्या वाढदिवसासाठी नवी ऑफर, जोडप्यांना खास, 'अंदमान सनसेट क्रूझ, सायंकाळी ६ ते ८.' मी म्हटलं, अहो, अंदमानात वर्षातल्या कुठल्याच दिवशी सूर्य सहापर्यंत थांबत नाही. जून-जुलैतसुद्धा पावणेसहाच्या सुमारास जातो. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "हरकत नाही मॅडम, तुमच्यासाठी अ‍ॅडजस्ट करून घेऊ."