कोलोनोस्कोपीला एआयची जोड : काही महिने वापरल्यानंतर

कोलोनोस्कोपी म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीनं तपासणी. आमच्या एंडोस्कोपी रूममध्ये त्यासाठी पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर वाढलेले कोंब, शोधणारी एआय यंत्रणा पावसाळ्याआधी बसली; आता थंडी सरत आली. घ्यावी का, असं विचारणारे सहकारी आणि "मॅडम, तुमच्याकडे एआयवाली दुर्बीण आहे ना?" म्हणत येणारे पेशंट, दोघांसाठी हे लिहिते आहे. कंपनीचं नाव देत नाही, कारण बाजारातल्या बहुतेक यंत्रणा साधारण एकाच पद्धतीनं चालतात.

दुर्बीण तीच राहते, प्रोसेसर तोच राहतो. प्रोसेसर आणि मॉनिटर यांच्यामध्ये एक पेटी बसते, ती येणारं चित्र वाचत राहते आणि संशयाची जागा दिसली की भोवती चौकट काढते. बाकी काही करत नाही. पॉलिप आहे की नाही, काढायचा की नाही, हे आपणच ठरवायचं.

मोठ्या आतड्याचा कॅन्सर बहुतेक वेळा अडेनोमा नावाच्या साध्या पॉलिपपासून, बऱ्याच वर्षांत तयार होतो. पॉलिप वेळेत काढला की तो मार्ग तिथेच तुटतो. म्हणून शंभर तपासण्यांपैकी किती जणांत डॉक्टरला निदान एक अडेनोमा सापडतो, हे प्रमाण म्हणजे एडीआर, आमच्या कामाचा सगळ्यात महत्त्वाचा मापदंड आहे. कॅलिफोर्नियात १३६ डॉक्टरांच्या तीन लाखांहून अधिक तपासण्यांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. डॉक्टरचा एडीआर एक टक्क्यानं जास्त असला, तर त्याच्या पेशंटमध्ये तपासणीनंतर कॅन्सर उद्भवण्याचा धोका सुमारे तीन टक्क्यांनी कमी दिसला. एआयबद्दलची आशा इथूनच सुरू होते. इटलीतल्या २०२० च्या चाचणीत एआयसह एडीआर ५४.८ टक्के आला, एआयशिवाय ४०.४. आपल्याकडे हे आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत. तिथले बरेच पेशंट तक्रार नसताना स्क्रीनिंगला येतात. आपल्याकडचे बहुतेक रक्त पडतंय म्हणून येतात, तेही मूळव्याध समजून कित्येक महिने घरगुती उपाय करून झाल्यावर.

माझा अनुभव सांगायचा तर, फायदा खरा आहे. उजव्या बाजूला, सीकम आणि असेंडिंग कोलन या मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागांत, आतड्याच्या घडीच्या कडेला चिकटलेले तीन-चार मिलिमीटरचे सपाट पॉलिप ही चौकट पटकन दाखवते. दुपारच्या शेवटच्या केसला, डोळे थकलेले असताना, तर मला तिचा फारच आधार वाटतो. आमच्या सिस्टरही आता चौकट दिसली की लगेच "मॅडम, डावीकडे" म्हणतात, म्हणजे खोलीतल्या सगळ्यांचं लक्ष पडद्यावर राहतं.

सुरुवातीला त्रास झाला तो खोट्या इशाऱ्यांचा. फेसाचा बुडबुडा, मळाचा कण, आयलिओसीकल (लहान आणि मोठ्या आतड्यामधल्या) झडपेची कड, सक्शननं ओढल्याची खूण, सगळ्यांभोवती चौकट. आवाजाचा इशारा आम्ही पहिल्याच आठवड्यात बंद केला. हळूहळू नजर बसते : खरा पॉलिप असेल तर दुर्बीण हलवली तरी चौकट टिकते, बुडबुड्यावरची लगेच विझते. उलट, श्लेष्माच्या थराखाली लपलेले सपाट सेरेटेड (करवती रचनेचे) पॉलिप पेटीच्या नजरेतून अजूनही सुटतात. तिथे आधी धुवून घ्यायचं आणि आपल्याच डोळ्यांनी शोधायचं.

आणि जे पडद्यावर आलंच नाही, ते तिला दिसणार कुठून? घडीच्या मागे बघणं, दुर्बीण सावकाश मागे घेणं, साचलेलं पाणी ओढून घेणं, हे सगळं हातानंच होतं. पॉलिप काढण्याचा वेळ सोडून, परत येताना किमान सहा मिनिटं द्यायची हा जुना दंडक. अमेरिकेतल्या २०२४ च्या शिफारशींनी तो आठ मिनिटांवर नेला. मशीन लावून चार मिनिटांत बाहेर येणाऱ्या डॉक्टरपेक्षा मशीनशिवाय दहा मिनिटं बघणारा डॉक्टर मी माझ्या घरच्यांसाठी निवडेन. पोट साफ नसेल तर दोघंही हतबल. पोट साफ करणाऱ्या पावडरचा अर्धा डोस आदल्या संध्याकाळी, अर्धा सकाळी. दोन-तीन दिवस पेरू, टोमॅटो, तीळ, मेथी-पालक बंद. हे समजावण्यात आमच्या काउंटरवरच्या ताई जी दहा मिनिटं घालवतात, त्यांचा परिणाम मला प्रत्येक तपासणीत दिसतो.

सगळ्यात जास्त विचार करायला लावलं ते पोलंडच्या अभ्यासानं. ऑगस्ट २०२५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. तिथल्या चार केंद्रांत एआय येण्याआधी एडीआर २८.४ टक्के होता. एआय वापरात आल्यानंतर, ते न लावता केलेल्या तपासण्यांत तो २२.४ वर आला. एवढ्यानं कारण सिद्ध होत नाही, पण डोळ्यांची सवय मोडत असेल ही शंका मी सोडून देऊ शकत नाही. म्हणून आमच्याकडे आठवड्यातला एक दिवस पेटी बंद असते. शिकायला आलेल्या डॉक्टरांना पहिले काही महिने ती मिळतच नाही. त्यांनी आधी आतडं वाचायला शिकावं, हा माझा हट्ट आहे.

एआयमुळे जादा सापडणारे बहुतेक पॉलिप अगदी लहान असतात, हा आक्षेपही खरा आहे. त्यातले सगळे काही कॅन्सर होणार नसतात, पण काढले की बायोप्सीचा खर्च आणि पुढच्या तपासणीची तारीख पेशंटच्या माथी येते. अमेरिकन गॅस्ट्रोएन्टरॉलॉजिकल असोसिएशननं २०२५ मध्ये म्हणूनच एआयच्या बाजूनं किंवा विरुद्ध, कुठलीच शिफारस केली नाही. मला ती भूमिका प्रामाणिक वाटते. गुदाशयातले बारीक, पांढुरके, हायपरप्लास्टिक (सहसा निरुपद्रवी) दिसणारे ठिपके चौकट आली तरी मी काढत नाही.

नवीन युनिट उभं करणाऱ्यांनी आधी पाण्याचा फ्लश पंप घ्यावा, आतडं फुगवायला कार्बन डायऑक्साइडची सोय करावी, प्रत्येक डॉक्टरचा एडीआर दर तीन महिन्यांनी मोजायला लागावं. ते झालं की ही पेटी घ्या. पेशंटनी एआय आहे का हे विचारायला हरकत नाही, पण सोबत हेही विचारा : दुर्बीण सीकमपर्यंत पोचल्याचा फोटो रिपोर्टमध्ये आहे का, पोट किती साफ होतं, आणि परत येताना किती मिनिटं दिली? आमच्या रिपोर्टवर या तिन्ही गोष्टी आता छापून येतात, आणि त्या दिवशी पेटी चालू होती की बंद, हेही.