लिनक्सवर टचपॅड अडखळतोय: मॉड्यूल रीलोड, इंटरटच की थेट दुरुस्ती?

टचपॅड मधेच गोठला की बरेच जण डिस्ट्रो (लिनक्सची आवृत्ती, जसं उबुंटू) बदलायला निघतात. त्याची गरज क्वचितच पडते. खरे पर्याय तीन आहेत, आणि कुठला घ्यायचा ते बिघाड कधी होतो त्यावर ठरतं. त्यामुळे आधी टर्मिनलमध्ये सुडो (ॲडमिनचे अधिकार) लावून डीमेसेज चालवा, म्हणजे कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) लॉग दिसेल, आणि त्यात पीएसमाऊस, सिनॅप्टिक्स, आयटूसी ही टचपॅडच्या ड्रायव्हरशी, कंपनीशी आणि जोडणीशी संबंधित नावं शोधा.

मॉड्यूल रीलोड. टचपॅड फक्त स्लीपनंतर मरत असेल तर एवढं पुरतं. मॉडप्रोब या कमांडला ‘-आर’ देऊन मॉड्यूल (कर्नलला जोडलेला ड्रायव्हरचा तुकडा) काढायचं, पुन्हा घालायचं. नव्या लॅपटॉपवर ते बहुधा आयटूसी_एचआयडी_एसीपीआय असतं, जुन्यांवर पीएसमाऊस. ‘मॉड्यूल बिल्टइन आहे’ असं उत्तर आलं तर ते कर्नलमध्येच बांधलेलं आहे, हा मार्ग बंद. शिवाय मूळ दोष तसाच राहतो. रोजची कटकट टाळायला सिस्टिमडीच्या (लिनक्समधल्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सिस्टिम-स्लीप फोल्डरमध्ये ‘पोस्ट’ला, म्हणजे स्लीपमधून उठल्यावर, चालणारी छोटी स्क्रिप्ट ठेवावी लागते.

इंटरटच. काम चालू असताना कर्सर उड्या मारत असेल आणि टचपॅड सिनॅप्टिक्स कंपनीचा असेल (जुने थिंकपॅड बघा), तर आमची पहिली पसंती याला. यातले बरेच टचपॅड जुनी पीएस/2 आणि एसएमबस अशा दोन्ही वाटांनी कॉम्प्युटरशी बोलू शकतात; इंटरटच म्हणजे त्यांना एसएमबसवर नेणं. पीएस/2 वर सहा बाइटची पाकिटं येतात, सेकंदाला जास्तीत जास्त 80. एखादा बाइट हरवला की पाकीट कुठे सुरू होतं तेच ड्रायव्हरला कळेनासं होतं. लॉगमध्ये ‘लॉस्ट सिंक ॲट बाइट 1’ दिसतं ते यामुळे. टचपॅडला दुसरी बस (म्हणजे एसएमबस) जमते असं कर्नलनेच तिथे लिहून ठेवलं असेल, तर बिनधास्त करून बघा. मशीन सुरू होताना येणाऱ्या ग्रबच्या (बूट लोडरच्या) मेनूत ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी पीएसमाऊस.सिनॅप्टिक्स_इंटरटच=1 जोडा, एफ10 दाबा. बदल त्या एका बूटपुरताच टिकतो, म्हणून धोका नाही. जमलं तर उबुंटू-डेबियनवर ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब फाइलमध्ये तेच घालून अपडेट-ग्रब चालवा. काही मॉडेलांवर कर्नल इंटरटच आपणहून चालू करतं. तिथे टचपॅड गोठत असेल तर उलट 0 देऊन बघा. एलन किंवा आल्प्स या दुसऱ्या कंपन्यांच्या टचपॅडवर या स्विचचा उपयोग नाही.

दुरुस्ती. बायोसच्या (लिनक्स सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या) स्क्रीनवरही टचपॅड तसाच वागत असेल तर लिनक्सला दोष देऊ नका. चार्जर लावल्यावरच कर्सर थरथरतो? अर्थिंग तपासा, चांगल्या तीन पिनच्या सॉकेटवर लावून बघा. क्लिक घट्ट झालं किंवा पॅड वर उचलला गेला असेल, तर बॅटरी फुगलेली असू शकते: मशीन लगेच बंद करा, चार्जिंग थांबवा, वरून दाबू नका. यातलं काहीच नसेल तर बॅटरीचं कनेक्शन काढून टचपॅडची रिबन केबल पुन्हा नीट बसवा. बऱ्याचदा तेवढ्यानेच भागतं. टचपॅड बदलायचाच झाला तर त्याच्या मागचा पार्ट नंबर बघूनच मागवा, कारण एकाच मॉडेलमध्ये सिनॅप्टिक्स आणि एलन असे दोन्ही बसवलेले सापडतात.