स्पॅनिश-पोर्तुगीज कादंबऱ्यांच्या तुलनेसाठी फुकटची डिजिटल ग्रंथालयं: कुठे जमतं, कुठे अडतं

स्पॅनिश लेखक क्लारीनची 'ला रेजेंता' (१८८४-८५) आणि पोर्तुगीज लेखक एसा द केइरोझची 'ओ प्रिमो बाझिलियो' (१८७८) ही तुलनेच्या अभ्यासातली ठरलेली जोडी. दोन्हींत संसाराला कंटाळलेली विवाहिता, दोन्हींत घरभेदी मोलकरीण. मुळातून वाचायला पैसे लागत नाहीत, चिकाटी लागते. ती किती, हे संकेतस्थळावर ठरतं.

स्पॅनिशसाठी आलिकांते विद्यापीठाचं सर्व्हांतेस व्हर्च्युअल हे डिजिटल ग्रंथालय (१९९९ पासून) डोळे मिटून वापरावं. कादंबरी टंकित मजकुरात आहे, त्यामुळे ब्राउझरचा साधा शोध चालतो. मात्र मोठी पुस्तकं अनेक वेबपानांत विभागलेली असतात आणि दर पानावर शोध नव्याने द्यावा लागतो, हा वैताग आहेच. 'ला रेजेंता'त 'टेनोरियो' शोधत सोळाव्या प्रकरणाशी थांबा: नायिका आना नाट्यगृहात 'डॉन हुआन टेनोरियो' हे स्पॅनिश दंतकथेतल्या स्त्रीलंपट नायकाचं नाटक बघते आहे. आता एसाची नायिका लुइझा बघा. ती लिस्बनमध्ये 'फाउस्ट' या फ्रेंच ऑपेराला जाते आणि तेवढ्या वेळात घरचा मित्र सेबास्तियाँव मोलकरणीने चोरलेली तिची प्रेमपत्रं सोडवतो. स्पेनमध्ये मोहाची गोष्ट घरच्याच दंतकथेतून येते, लिस्बनला ती पॅरिसहून मागवावी लागते. सांस्कृतिक ओळखीवर पानंच्या पानं लिहिणाऱ्यांनी आधी हे दोन प्रसंग शेजारी ठेवावेत.

पोर्तुगालच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा डिजिटल संग्रह दिसायला देखणा, शोधायला पांगळा. बहुतेक पुस्तकं म्हणजे पानांच्या प्रतिमा. मूळ आवृत्तीचा पृष्ठक्रमांक द्यायला उत्तम, शब्द हुडकायला निरुपयोगी. त्यासाठी प्रोजेक्ट गुटेनबर्ग हे फुकट ई-पुस्तकांचं संकेतस्थळ गाठा, पण तिथे जुनं लेखन आहे. पोर्तुगालने लेखनसुधारणा १९११ साली केली. त्याआधी 'फ'साठी अनेकदा पी-एच, जागोजागी तेच अक्षर दोनदा, आणि बाझिलियोत 'एस'ऐवजी 'झेड'. आजच्या लेखनाने शोधलंत तर शून्य निकाल येतात आणि पुस्तकच नाही असा समज होतो. गोव्यातले त्या काळातले पोर्तुगीज छापील कागद चाळणाऱ्यांनाही हीच युक्ती लागेल.

सगळ्यात किमती ब्राझीलची हेमेरोतेका, २०१२ साली सुरू झालेला जुन्या नियतकालिकांचा संग्रह. शोध नियतकालिक, काळ किंवा ठिकाण यांवरून देता येतो. ब्राझीलचा कादंबरीकार माशादो द आसीसने एसाच्या कादंबरीवर केलेली कडक टीका रिओच्या 'ओ क्रुझेइरो' या वृत्तपत्रात १६ आणि ३० एप्रिल १८७८ला आली. दोन खड्डे सांभाळा. याच नावाचं सचित्र साप्ताहिक १९२८ पासून निघत होतं, म्हणून आधी १८७०चं दशक निवडा. आणि 'माशादो' शोधू नका, लेखाखाली सही 'एलेआझार' अशी आहे. यंत्राने वाचलेल्या मजकुरात ओळीअखेर तुटलेले शब्द निसटतात. पूर्ण नावाऐवजी छोटा तुकडा द्या, रोमन अक्षरांवरची उच्चारचिन्हं गाळा. तरीही नाही सापडलं तर तारखेवरून अंक उघडून डोळ्यांनीच वाचा, तेच लवकर होतं. माशादोच्या लेखनासाठी ब्राझीलच्या शिक्षण मंत्रालयाचं वेगळं संकेतस्थळ आहे, पण तिथे भोवतालचा अंक दिसत नाही.

विसाव्या शतकात उतरलात की तराजू कलतो. पोर्तुगालमध्ये लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं प्रताधिकार (कॉपीराइट) राहतो. स्पेनमध्ये डिसेंबर १९८७ पूर्वी वारलेल्यांसाठी ८० वर्षं. म्हणून १९३५ साली गेलेला पोर्तुगीज कवी पेसोआ २००६ पासून खुला आहे, १९३६ साली गेलेला स्पॅनिश लेखक उनामुनो मात्र २०१७ उजाडल्यावर. स्पॅनिश विचारवंत ओर्तेगा इ गासेत (मृत्यू १९५५) हवा असेल तर पुस्तक विकतच घ्या.